मॉडर्न जाइव्ह: वय ४६, एकटाच, ताल बेताचा. जाऊ का?

अडीच मात्रा

घराजवळच्या सभागृहात आठवड्यातून एकदा मॉडर्न जाइव्ह या जोडीनाचाचा वर्ग भरतो. बाहेर पाटी आहे, 'जोडीदार नको, अनुभव नको.' दोन महिने झाले, मी ती पाटी वाचतो आणि तसाच पुढे जातो. एकदा आत डोकावलो होतो. चाळीसेक माणसं रांगेत उभी होती आणि मंचावर माइक लावलेल्या बाई काहीतरी मोजत होत्या. दाराशी बसलेल्या गृहस्थांनी हसून "या ना" म्हटलं. मी "पार्किंग शोधतोय" म्हणून सटकलो. चालत गेलो होतो.

माझी अवस्था आयडीवरून कळलीच असेल. टाळ्यासुद्धा शेजाऱ्याकडे बघून वाजवतो. कधीही नाच शिकलेलो नाही. तर एकट्या माणसाला खरंच कुणी उभं करतं का? की सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या असतात आणि आपण भिंतीला टेकून सरबत पीत बसायचं? पहिल्या दिवशी नेमकं काय होतं? ज्यांनी केलंय त्यांनीच लिहा. "मनात आणलं की सगळं जमतं" हे मला आधीच तिघांनी सांगितलंय.

गिरकी

जा. मी एकटीच गेले होते, त्याला आता नऊ वर्षं झाली.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते. दारात नाव लिहून घेतात. बहुतेक ठिकाणी पूर्ण कोर्सचे पैसे भरावे लागत नाहीत, त्या संध्याकाळपुरते भरायचे. मग बिगिनर्सचा वर्ग, साधारण पाऊण तास. लीड करणाऱ्यांची (म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवून हाताने सुचवणाऱ्यांची) एक रांग, समोर फॉलो करणाऱ्यांची, म्हणजे ते ओळखून नाचणाऱ्यांची. मंचावरून तीन-चार मूव्ह शिकवतात, एकेक तुकडा करून, आधी मोजून, मग गाण्यावर. आणि खरी गंमत अशी की दर काही मिनिटांनी "फॉलोअर्स, दोन जागा पुढे" अशी हाक येते आणि आख्खी रांग सरकते. जोडीदार आणलात तरी तो तुमच्याजवळ तीन मिनिटंच राहणार. पाऊण तासात दहा-बारा जणांबरोबर नाच होतो. चुकलात तर त्या चुकीची साक्षीदार लगेच पुढे निघून जाते. माझी लाज तिथेच गेली. लाजायला माणूस समोर टिकायला तर हवा!

त्यानंतर थोडा वेळ फ्रीस्टाईल, म्हणजे गाणी लागतात आणि ज्याला वाटेल तो कुणालाही विचारतो. मग पुढच्या पातळीचा वर्ग. त्याच वेळी बऱ्याच ठिकाणी नवख्यांना एका कोपऱ्यात नेऊन मघाच्याच मूव्ह पुन्हा करून घेतात. हे करून घेणारे जुने नाचणारे म्हणजे 'टॅक्सी डान्सर'. पहिल्या दिवशी दुसरं काही नाही केलंत तरी चालेल, पण टॅक्सी डान्सर कोण ते विचारून ठेवा. तुम्हाला नाही म्हणायचं नाही हेच त्यांचं काम.

सगळं संपल्यावर पुन्हा फ्रीस्टाईल. बहुतेक नवखे याच्या आधीच पळतात. तुम्ही किमान दोन गाणी थांबा.

शंकासुर

जाइव्ह म्हणजे ते गुडघे छातीपर्यंत उचलून लाथा झाडतात तेच ना? ४६ व्या वर्षी? आधी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. (गंमत करतोय, हलकेच घ्या.)

हातखंडा

शंकासुर, ते वेगळं. तुम्ही म्हणताय तो स्पर्धेतला लॅटिन जाइव्ह. सांबा, चाचाचा, रुंबा, पासो डोब्ले यांच्या पंगतीत बसणारा पाचवा नाच. त्याचा वेग मिनिटाला ४४ बारच्या (तालाच्या आवर्तनांच्या) आसपास, एका बारमध्ये चार ठोके धरा, म्हणजे मिनिटाला १७६ ठोके. त्यात पायांचं ठरलेलं 'एक-दोन-तीन' जलद पदलालित्य आणि वरून त्या लाथा. मीही तो पाहूनच दमतो.

मूळ घराणं मात्र एकच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लिंडी हॉप आला, त्याचे पुढे बरेच फाटे फुटले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक हे नाच घेऊन युरोपात गेले. फ्रान्समध्ये त्याला एक सुटसुटीत रूप आलं. तेच १९८० च्या सुमारास लंडनमध्ये शिकवायला लागले. त्यातलं जेम्स क्रोनिन यांनी सुरू केलेलं 'सेरॉक' हे नाव सगळ्यात गाजलं. फ्रेंच 'से ल रॉक' वरून आलेलं. तिथून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत पसरलं. कुठे सेरॉक, कुठे लेरॉक, कुठे नुसतंच मॉडर्न जाइव्ह. पाटीवर काहीही असो, आत सापडतो तो नाच जवळपास एकच.

सुटसुटीत म्हणजे काय, तर पावलांचं गणितच काढून टाकलं. चार ठोक्यांचं कुठलंही गाणं घ्या, प्रत्येक ठोक्याला वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, बस. कुठला पाय आधी यावर शिक्षक सुचवतील, पण चुकला म्हणून नाच थांबत नाही. बाकी सगळा खेळ हातांचा. म्हणून जुन्या रॉक-अँड-रोलपासून या आठवड्यात आलेल्या गाण्यापर्यंत काहीही चालतं.

अडीच मात्रा

पावलांचं गणित काढून टाकलं हे वाचून डोळे पाणावले. पण 'प्रत्येक ठोक्याला' हेच तर माझं दुखणं आहे.

हातखंडा

ठोका ऐकू येत नाही असं म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तो ऐकू येतो, फक्त ते दुसरंच काहीतरी ऐकत असतात. गायकाकडे लक्ष देऊ नका. शब्द मध्येच ताणले जातात, ठेका तसाच चालू राहतो. खालचा ढोल आणि बेस ऐका. आणि घरी नाचू नका, नुसते चाला. गाणं लावून स्वयंपाकघर ते बाल्कनी, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं म्हणजे सेकंदाला दोन पावलं, जरा घाईत असलेल्या माणसाची चाल. तेवढं जमलं की पायांचा अर्धा अभ्यास झाला.

निवृत्त गुडघा

कुणीच बुटांबद्दल बोललं नाही म्हणून मी.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ज्याने केली तो रबरी तळव्याचे बूट घालून कधी गिरकीला उभा राहिला नसावा. इथे अंगण खरंच वाकडं असतं! धावण्याच्या बुटांचा तळवा जमिनीला चिकटतो, तुम्ही वरून फिरता, पाय खाली तिथेच राहतो आणि मधला सगळा पीळ गुडघ्यात जातो. माझा आयडी असाच पडला. चामड्याच्या किंवा स्वेडच्या तळव्याचे, घट्ट बसणारे, सपाट बूट घ्या. पहिल्याच दिवशी खास नाचाचे बूट आणायची गरज नाही. घरात असलेले जुने, तळवा झिजून गुळगुळीत झालेले ऑफिसचे बूट उत्तम. टोकदार टाचा, मागून सुटणाऱ्या चपला नकोत. दुसऱ्याच्या पावलावर पडल्या की पुढचे तीन आठवडे तो माणूस तुम्हाला लांबूनच नमस्कार करतो.

घड्याळ, कडं, मोठी अंगठी काढून ठेवा. एक कोरडा शर्ट, रुमाल आणि पाणी पिशवीत. घाम येणार, भरपूर. त्याची लाज नाही, न बदललेल्या शर्टाची आहे.

मीच ती

+१. लांब केसांची वेणी नको, अंबाडा बांधा. गिरकीत वेणी चाबकासारखी फिरते. एकाच्या चष्म्यावर बसली होती.

आता फॉलो करणाऱ्या बाजूने थोडं. लीड करायला येणारे सगळेच पहिल्या दिवशी एक गोष्ट करतात, अंगठ्याने हात आवळतात. घाबरलेला माणूस पकडूनच ठेवतो, समजतं मला. पण माझी बोटं तुमच्या बोटांवर नुसती टेकलेली असतात, आकड्यावर डबा अडकवावा तशी. मला फिरताना ती त्याच जागी फिरवावी लागतात. तुम्ही अंगठा दाबलात की मनगट अडकतं आणि मग खांदा. गेल्या वर्षी एका उत्साही गृहस्थांनी माझा हात डोक्यावरून फिरवताना जातं दळल्यासारखा गरागरा फिरवला. सहा आठवडे उजव्या खांद्याला बर्फ लावत होते. फिरवायची ती मी, माझा हात नव्हे. हात डोक्याच्या वर, मध्यभागी, लहानशा वर्तुळात. फिरायचं काम मी माझ्या पायांवर करते.

आणि कृपा करून पहिल्या वर्षात कुणालाही मागे झुकवू नका. कमरेतून खाली नेणं, उचलणं, हे सगळं वेगळं शिकवतात आणि भरलेल्या फ्लोअरवर ते जाणकारही टाळतात.

चष्मिस

अवांतर, पण डोक्यासाठीही चांगलं असतं म्हणे. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. पंचाहत्तरीच्या पुढची ४६९ माणसं, पाचेक वर्षं पाठपुरावा. शारीरिक छंदांपैकी फक्त नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. बाकी ज्यांत कमी दिसलं ते बैठे छंद, वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणं.

शंकासुर

दिसलं. म्हणजे नाचामुळे झालं असं नाही. ज्याची स्मृती हळूहळू जायला लागली तो नाचायलाच जायचं आधी सोडत असेल. कार्यकारणभाव उलटाही असू शकतो. आणि त्या लोकांनी मॉडर्न जाइव्ह केला होता असं कुठे आहे?

चष्मिस

मान्य. म्हणूनच 'म्हणे' लिहिलंय.

अडीच मात्रा

मंडळी, गेलो.

दारातले तेच गृहस्थ. "पार्किंग मिळालं?" म्हणाले. पाच आठवडे लक्षात ठेवलं माणसाने.

गिरकी, रांग सरकायचं तुम्ही सांगितलं ते वाचताना पटलं नव्हतं. तिथे उभा राहिल्यावर कळलं. पहिल्या बाई माझ्याच इतक्या नव्या. आम्ही दोघं एकमेकांच्या पायाकडे बघत होतो, डोकं डोक्यावर आपटलं. दुसऱ्या बाईंनी काही न बोलता माझा अंगठा सोडवला. मीच ती, तुमची आठवण झाली. चौथ्या बाईंपर्यंत मी मागे पाऊल टाकायला शिकलो. सातव्या बाईंबरोबर 'फर्स्ट मूव्ह' पूर्ण झाली, हात खाली, शेजारी उभं राहायचं, तिला बाहेर वळवायचं, परत आत. त्या म्हणाल्या, "झालं की." मी इकडे-तिकडे बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणाल्या का ते.

फ्रीस्टाईलला मात्र थांबलो नाही. दोन गाणी थांबा म्हणालात, मी अर्धं गाणं थांबलो. बॅग उचलण्यात गेलं.

गिरकी

हसून हसून पुरेवाट. अर्धं का होईना.

अडीच मात्रा

चौथा आठवडा. सोडायच्या विचारात आहे.

वर्गात सगळं येतं. शिक्षक मंचावरून नाव घेतात, हात आपोआप जातात. गाणं लागतं, समोर माणूस येतो, आणि डोकं कोरी पाटी. काल एका बाईंना विचारलं (टॅक्सी डान्सर नव्हत्या, हिंमत केली). दोन मूव्ह केल्या, तिसरी आठवेना, मी चक्क थांबलो. गाणं चालू, आम्ही दोघं उभे. मग त्यांनी तिथेच मला शिकवायला सुरुवात केली, खांदे असे ठेव, कोपर तसं, बघत राहा. गाणं संपेपर्यंत शिकवत होत्या. आजूबाजूला सगळे नाचतायत आणि मी शिक्षा झालेल्या पोरासारखा. माझ्याबरोबर सुरू केलेल्या फॉलोअर बाई आता झक्क नाचतात. मग मीच एवढा ढ का?

हातखंडा

ढ नाही. लीड करताय, म्हणून. हे कुणीच आधी सांगत नाही याचा मला राग आहे.

फॉलो करणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा जाणता लीडर भेटला की ती त्याच्या जिवावर अख्खं गाणं नाचू शकते. (पुढे तिलाही स्वतःचा तोल, गिरकी, ठेका यांवर भरपूर घासावं लागतं, पण ते नंतर.) लीड करणाऱ्याचं उलटं. ठेका धरायचा, आत्ताची मूव्ह पुरी करायची, पुढची आठवायची, शेजारच्या जोडीचं कोपर चुकवायचं आणि समोरच्याला हे सगळं दोन ठोके आधी हाताने कळवायचं. सगळं पहिल्या दिवसापासून एकदम. तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यात जेवढे लीडर गळतात तेवढे पुढे कधीच गळत नाहीत. मी स्वतः सातव्या आठवड्यात सोडलं होतं, दीड वर्षाने परत गेलो.

आता उपाय. तुम्ही मूव्ह गोळा करणं बंद करा. वर्गात दर वेळी चार शिकवतात म्हणून चारही लक्षात ठेवायच्या असं तुम्हाला वाटतंय. नाही. चार निवडा आणि बाकीच्या तिथेच सोडून या. फर्स्ट मूव्ह, बास्केट (तिला हातांत गुंडाळून शेजारी आणायचं), यो-यो आणि साधा रिटर्न (तिला हाताखालून फिरवून पुन्हा समोर आणायचं). हिशेब करा. मिनिटाला १२० ठोक्यांचं तीन मिनिटांचं गाणं म्हणजे ३६० ठोके. एक मूव्ह आठ ते बारा ठोक्यांची. म्हणजे आख्ख्या गाण्यात तीस ते पंचेचाळीस. चार मूव्ह आलटून पालटून केल्यात तर प्रत्येक साधारण दहा वेळा. तुम्हाला वाटेल, समोरची कंटाळेल. तिला पुढची कोणती येणार हे माहीत नसतं, त्यामुळे तिच्यासाठी ती प्रत्येक वेळी नवीच असते. कंटाळा येतो तो धसमुसळेपणाचा.

दुसरं, या नाचाची रचना एकदा ओळखा. जवळपास प्रत्येक मूव्ह समोरासमोर, मागे एक पाऊल टाकून सुरू होते आणि तशीच संपते. म्हणून कुठलीही कुठल्याहीला जोडता येते. मालगाडीच्या डब्यांसारखं. आठवलं नाही तर? रिटर्न. परत आठवलं नाही? अजून एक रिटर्न. थांबायचं मात्र नाही. जागच्या जागी ठोक्यावर पावलं टाकत, हात हलका झुलवत राहिलात तरी तो नाचच असतो, आणि समोरची खुशाल स्वतःचं काहीतरी करून घेते.

मीच ती

हातखंडांशी सहमत, एक भर. फ्लोअरवर शिकवणाऱ्यांविषयी. न विचारता चालू गाण्यात शिकवणं हा उद्धटपणा आहे, मग समोरचा कितीही नवखा असो. दुखत असेल तर "हात जरा हलका" इतकं सांगायचं, तेही हसून. बाकी शिकवायला शिक्षक आहेत. तुम्ही त्या बाईंना "आज नुसतं नाचूया का?" असं म्हणू शकता. हे वाक्य पाठ करून ठेवा.

निवृत्त गुडघा

इथे माझा थोडा मतभेद. मला जे काही येतं त्यातलं निम्मं फ्लोअरवरच कुणीतरी सांगितलेलं आहे. प्रत्येकाला उद्धट ठरवू नका.

मीच ती

तुम्ही विचारलं होतंत की त्यांनी आपणहून सांगितलं?

निवृत्त गुडघा

...विचारलं होतं.

मीच ती

मग झालं तर.

पायरीवरची

बरेच दिवस वाचतेय, आज खातं उघडलं. मला लीड शिकायचंय. बाई आहे. चालतं का? की मला फॉलोच्या रांगेत ढकलतील?

गिरकी

चालतं. दारातच सांगा, लीडच्या रांगेत उभ्या राहा. काही ठिकाणी अजूनही सवयीने 'पुरुष इकडे, बायका तिकडे' म्हणतात, लक्ष देऊ नका. आमच्याकडे फॉलोअर्स जास्त आणि लीडर कमी हीच नेहमीची रड, त्यामुळे तुमचं स्वागतच होईल. पुरुषही फॉलो शिकतात आणि त्यानंतर त्यांचं लीड सुधारतं, कारण आवळलेला अंगठा कसा लागतो ते एकदा स्वतःच्या हाताला कळतं. फक्त पहिले तीन महिने एकच भूमिका धरा. दोन्ही एकदम केल्या की हात कुणाचा कुठे, घोळ होतो.

आणि कुणी विचारलं तर नाही म्हणायचा हक्क दोघांनाही आहे. "या गाण्याला मी बसते" एवढं पुरे, कारण द्यावं लागत नाही. फक्त त्याच गाण्याला दुसऱ्याबरोबर उठू नका, ते फार लागतं.

पायरीवरची

धन्यवाद! अडीच मात्रा, तुमचं पुढे काय झालं?

अडीच मात्रा

सोडलं नाही. काल सातवा आठवडा.

चार मूव्ह हातावर पेनाने लिहून नेल्या होत्या. पहिल्या गाण्यात घामाने पुसल्या. मग जे राहिलं त्यावर नाचलो. एका गाण्यात बास्केट मोजून अकरा वेळा. (मोजायला डोकं मोकळं होतं हे लिहिताना लक्षात आलं.) बाराव्या वेळी हात पुढे केला तर समोरच्या आजी म्हणाल्या, "बास्केट ना?" आणि मला मागे टाकून आपणहून गुंडाळून घेतलं. सत्तरीच्या पुढच्या असतील. गाणं संपल्यावर म्हणाल्या, ठेका सोडत नाहीस, बरं वाटलं. मी. ठेका.

त्या शिकवणाऱ्या बाई परत भेटल्या. मीच ती यांचं वाक्य पाठ होतं, पण म्हणायची वेळ आली नाही. त्यांनी शिकवलं नाही, त्यांचाच त्या दिवशी पाय दुखत होता म्हणे.

फ्रीस्टाईलला पाच गाणी थांबलो. दोनदा मीच विचारलं, एकदा नकार मिळाला, जमीन दुभंगली नाही.

आता एक अडचण. पुढची मूव्ह म्हणून 'कोम' (म्हणजे कंगवा) घेतली. हात स्वतःच्या डोक्यावरून न्यायचा, भांग पाडल्यासारखा. दोन वेळा चष्मा उडाला. एकदा शेजारच्या जोडीने पायाने परत ढकलला, नाचता नाचता. चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस दिसत नाही. चष्मेवाल्यांनी काय करायचं?

चष्मिस

मागे दोरी. शाळकरी पोरं खेळताना लावतात ती.

मीच ती

दोरी नको, तिच्यात माझी बोटं अडकतील. कोपर उंच न्या, हात कपाळावरून नाही, डोक्याच्या वरून जाऊ द्या. चष्मा उडतोय म्हणजे हात खूप खाली आहे. खाली आहे म्हणजे तिचाही दंड ओढला जातोय.

अडीच मात्रा

आरशासमोर करून बघितलं. चष्मा राहिला. ट्यूबलाइटला हात लागला.